बाळाचा मेंदू, त्याची वाढ आणि वाढीतल्या अडचणी : सांगली-मिरजेकडून वारंवार येणारे प्रश्न

मी सांगलीत वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं तासगाव, जत, कवठेमहांकाळ, विटा, इस्लामपूर भागातली असतात, काही अथणीकडून मिरजेची गाडी धरून येतात. खालचे प्रश्न आई-वडिलांनी, आज्यांनी, अंगणवाडीताईंनी विचारलेले आहेत. तेच तेच पुन्हा येतात म्हणून एकदा नीट लिहून काढले. शक्य तिथे संशोधन काय सांगतं तेही दिलं आहे. तुमच्या मुलाची तपासणी मात्र डॉक्टरांनीच करायची.

१. मेंदूच्या वाढीतले विकार म्हणजे नेमकं काय? हे मानसिक आजारासारखं असतं का?

नाही. मानसिक आजारात घडलेल्या मेंदूच्या कामात नंतर बिघाड येतो. इथे मेंदू घडत असतानाच त्याची जोडणी वेगळ्या पद्धतीने होते. त्यामुळे लक्षणं लहानपणीच दिसू लागतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम (माणसांत मिसळणं, संवाद साधणं अवघड जाणं), बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, अध्ययन अक्षमता (हुशार असूनही वाचणं-लिहिणं शिकताना अडणं), भाषा आणि बोलण्यातल्या अडचणी हे सगळे या गटात येतात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालीत येणारी अडचण), फिट येणं आणि जन्मजात कमी ऐकू येणं यांचाही विचार आपल्याकडे याच्यासोबत करतात.

हे विरळा नाही. २०१८ मध्ये भारतातल्या पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर गोवा आणि हैदराबादही होतं. २ ते ६ वर्षांच्या मुलांत साधारण ९ टक्के आणि ६ ते ९ वर्षांच्या मुलांत साधारण साडेतेरा टक्के मुलांना यातली एखादी तरी अडचण होती. वर्गात चाळीस मुलं धरली तर चार-पाच. प्रत्येक शिक्षकाने अशी मुलं पाहिलेली असतात, फक्त नाव दिलेलं नसतं.

२. मेंदू पोटात किती तयार होतो आणि जन्मानंतर किती?

गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवशी मज्जानलिका बंद होते. मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तिच्यापासूनच बनतो. बऱ्याच बायकांना तेव्हा दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणूनच फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर सुरू केली तर या एका कामासाठी उशीर झालेला असतो.

प्रौढ माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या बहुतेक जन्माआधीच तयार होतात. आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी पाच गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ पातळ काप करून, रंगवून, त्यांचे त्रिमितीय नकाशे तयार केले आणि २०२४ मध्ये ते सगळ्या जगासाठी खुले केले. त्याला त्यांनी ‘धरणी’ असं नाव दिलं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पेशी कुठून निघून कुठे पोचतात ते त्यात दिसतं.

जन्मानंतर चेतापेशींची संख्या फारशी वाढत नाही. वाढतात त्या त्यांच्यातल्या जोडण्या. जन्माच्या वेळी साधारण साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू प्रौढपणी तेराशे-चौदाशे ग्रॅमचा होतो, आणि दोन वर्षांपर्यंत त्यातली मोठी मजल मारून झालेली असते. पीटर हटनलोकर यांनी १९७९ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातल्या चेतासंधी, म्हणजे पेशींमधल्या जोडण्या, मोजल्या. पहिल्या-दुसऱ्या वर्षात त्यांची दाटी प्रौढांपेक्षा जवळजवळ ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मग मेंदू छाटणी करतो. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधी काड्या भरपूर फुटू द्यायच्या आणि नंतर ज्या कामाच्या त्याच ठेवायच्या. मेंदूत कोणती जोडणी राहील हे वापरावर ठरतं. मेंदूच्या पुढच्या भागातली छाटणी पौगंडावस्थेतही चालू असते.

३. टाळू रोज तेलाने भरली तर मेंदू चांगला वाढतो का?

टाळू म्हणजे कवटीच्या हाडांमधली मोकळी जागा. ती साधारण वर्ष-दीड वर्षात, काही मुलांत दोन वर्षांपर्यंत आपोआप भरते. वरून घातलेलं तेल मेंदूपर्यंत जात नाही. हलक्या हाताने लावलं तर नुकसानही नाही, दाबायचं मात्र नाही. लक्ष ठेवायचं ते डोक्याच्या घेरावर. जन्मतः साधारण ३४-३५ सेंटिमीटर, वर्षाला ४६ च्या आसपास. लसीकरणाला जाल तेव्हा टेपने मोजून कार्डावर लिहून घ्या. बाळ रडत नसताना टाळू फुगून टणक लागली, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

४. कधी काय आलं नाही तर काळजी करायची?

दोन महिन्यांपर्यंत आपल्याकडे बघून हसू, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरणं, नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसणं, दीड वर्षापर्यंत चालणं. बोलण्याबाबत, वर्षाचं होईपर्यंत ‘बाबा-मामा-दादा’ असे आवाज आणि बोट दाखवणं, सोळा महिन्यांपर्यंत एखादा अर्थाचा शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडी. हे झालं नाही तर तपासून घ्यावं.

बोट दाखवण्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण घरचे शब्द मोजतात आणि बोट विसरतात. बाळ चंद्राकडे, एसटीकडे किंवा गच्चीवरच्या माकडाकडे बोट करतं आणि लगेच वळून तुमच्या तोंडाकडे बघतं. त्याला काहीच नको असतं, ‘तूही बघ’ एवढंच म्हणायचं असतं. ती नजर दिसली की मला निम्मी काळजी सुटल्यासारखी वाटते. हवी ती वस्तू मिळवण्यासाठी जे मूल तुमचं मनगट धरून तुमचा हात डब्यापर्यंत नेतं, पण तोंडाकडे बघत नाही, त्या मुलाची लवकर तपासणी करा.

आलेलं बोलणं गेलं असेल तर प्रश्न २० पाहा. तिथे वाट बघायची सोय नाही.

५. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचे वडीलही चार वर्षांचे होऊन बोलले. थांबावं का?

काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे सुरळीत होतात. पण आज समोर बसलेलं मूल त्यातलंच आहे हे थांबून कळत नाही, तपासून कळतं. पहिली तपासणी कानाची. ओएई आणि बेरा या चाचण्या झोपलेल्या बाळावरही होतात आणि दुखत नाहीत. कान पहिल्या महिन्यात तपासायचे, कमी ऐकू येतं का हे तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं करायचं आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू करायचे, असा जगभरचा दंडक आहे. ताट पडल्यावर मूल दचकतं म्हणजे त्याला ऐकू येतं असं समजू नका. ताटाचा आवाज मोठा असतो, ‘स’ आणि ‘श’ बारीक असतात.

वेखंड आणि मध चाटवल्याने वाचा फुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नका, त्यातल्या जंतूंमुळे अंग लुळं पाडणारी विषबाधा होऊ शकते. जिभेखालची तार कापल्यानेही भाषा येत नाही. तार घट्ट असेल तर फार तर काही उच्चार आणि अंगावर पिणं अडतं. जे मूल हाक मारल्यावर वळत नाही, त्याची अडचण जिभेत नसते.

६. आमच्या घरी कन्नड, शेजारी मराठी, शाळा इंग्रजी. दोन-तीन भाषांमुळे मुलगा गोंधळलाय का?

नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम किंवा भाषेचा विकार होत नाही आणि असलेला वाढतही नाही, हे अनेक अभ्यासांतून पुढे आलं आहे. उलट जत-मिरज भागात मी एक वाईट गोष्ट पाहते. कोणीतरी ‘एकच भाषा बोला’ म्हणतं, मग आई तोडक्या इंग्रजीत चार शब्द बोलते आणि आजीचं कन्नड बंद होतं. मुलाभोवतीची भाषाच आटते. जिच्यात तुम्ही रागावता, हसता, अंगाई म्हणता, तीच भाषा मुलाशी बोला.

७. मोबाईलमुळे ऑटिझम होतो का?

मोबाईलने ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. बऱ्याचदा उलटं असतं. ज्या मुलाला माणसांत रमणं अवघड जातं ते पडद्यात रमतं. पण पडद्यासमोर गेलेला तास हा बोलण्या-खेळण्यातून वजा झालेला तास असतो, आणि मोबाईल काढून घेतल्यावर काही मुलांत चांगला फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाहून जास्त नको. घास भरवताना लागणारा मोबाईल आधी बंद करा. चार दिवस त्रास होईल, मूल उपाशी राहणार नाही.

८. माझंच काही चुकलं का? गरोदरपणी मी खूप रडले होते, ग्रहणात बाहेर पडले होते.

हा प्रश्न नवरा आणि सासू बाहेर थांबल्यावर, अगदी खालच्या आवाजात येतो. म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला नाव दिलं. पुढची जवळजवळ वीस वर्षं तिथल्या नामांकित तज्ज्ञांनी दोष आईला दिला. ती मुलाशी बर्फासारखी थंड वागते म्हणून मूल मिटून जातं, असं ते म्हणत. त्याला पुरावा नव्हता. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड यांनी ही कल्पना खोडून काढली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. १९७७ मध्ये सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही ठिकाणी दोघांना नव्हता. संगोपन सारखंच होतं, फरक जनुकांचा होता. २०२० मध्ये पस्तीस हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून ऑटिझमशी जोडलेली १०२ जनुकं वेगळी काढता आली. त्यातली बरीच जनुकं गर्भातला मेंदू घडताना काम करतात.

तुमच्या रडण्याने हे झालं नाही. ग्रहणाने नाही, विळीला हात लावल्याने नाही, सातव्या महिन्यात माहेरी गेल्यानेही नाही. खरे धोके वेगळे आहेत, फार लवकर झालेली प्रसूती, जन्मताना प्राणवायू कमी पडणं, न उपचार केलेली जोराची कावीळ, आयोडीन किंवा थायरॉईडची कमतरता, दारू, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध. शेवटच्याबद्दल एक सूचना. ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, अचानक फिट आली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या.

थायरॉईडबाबत आणखी एक गोष्ट. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावर जन्मजात कमतरता कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धी बहुतेक वाचते. प्रसूतीच्या दवाखान्यातून घरी निघण्याआधी ही तपासणी मागून घ्या.

९. गोवराच्या लसीमुळे ऑटिझम होतो म्हणतात ते खरं का?

नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून तसा लेख लिहिला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्यांची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, संबंध आढळला नाही. लस आणि लक्षणं दिसण्याचं वय एकच येतं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं. गोवर मात्र मेंदूला खरोखर इजा करू शकतो.

१०. गरोदरपणी तापाला पॅरासिटामॉल घेतलं होतं. आता टीव्हीवर भलतंच ऐकते.

गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मुलाला ऑटिझम होऊ शकतो, असं सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी पातळीवरून बोललं गेलं, तेव्हापासून हा प्रश्न रोज येतो. २०२४ मध्ये स्वीडनमध्ये जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास झाला होता. एकाच आईच्या दोन मुलांची, एकदा गोळी घेतलेली आणि एकदा न घेतलेली अशी तुलना केली, तेव्हा ऑटिझमशी संबंध उरला नाही. अंगात ताप तसाच ठेवणं गर्भालाही बरं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेतलेल्या गोळीचं ओझं मनावर ठेवू नका.

११. माझं लग्न मामाच्या मुलाशी झालंय. त्यामुळे झालं असेल का?

आपल्याकडे आते-मामे भावंडांत लग्नं सर्रास होतात, त्यामुळे हे स्पष्ट सांगायला हवं. कोणत्याही जोडप्याला जन्मजात दोषाचं मूल होण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. पण दोन्हीकडून एकच सदोष जनुक आलं तर काही चयापचयाचे आणि मेंदूचे विकार होतात. पहिल्या मुलाला अडचण असेल तर दुसऱ्याचा विचार करण्याआधी जनुकीय सल्ला घ्या (प्रश्न १४). आणि एकमेकांच्या माहेरावर खापर फोडू नका, इथे दोघांचं घराणं एकच आहे.

१२. आमची द्राक्षबाग आहे. फवारणीचा बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडचे लोक हे विचारतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस खोऱ्यात शेतमजूर बायकांच्या मुलांचा अभ्यास बर्कलीच्या संशोधकांनी सुरू केला, तो दोन दशकांहून अधिक चालला. क्लोरपायरीफॉस ज्या गटात येतं त्या ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकांचे अंश गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत सर्वांत जास्त होते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सर्वांत कमी अंश असलेल्या गटापेक्षा सरासरी सात गुणांनी कमी निघाला. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. हा सरासरीतला फरक आहे, एखाद्या मुलाचं कारण त्यावरून सांगता येत नाही. पण गरोदर बाईला बागेपासून लांब ठेवायला एवढं पुरेसं आहे.

फवारणीच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस तिने बागेत जायचं नाही. ब्लोअर चालवणाऱ्याने अंगावरचे कपडे उंबऱ्याबाहेर उतरवायचे, आणि ते तिने धुवायचे नाहीत, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी वेगळे धुवायचे. औषधाचे रिकामे कॅन पाणी भरायला वापरायचे नाहीत. एका घरी मी कपाटात खालच्या फळीवर औषधाची बाटली आणि वरच्या फळीवर बाळाचं दुधाचं पावडर पाहिलं होतं. ताई, तेवढी जागा आजच बदला.

याला लागूनच शिसं. शिशाची अगदी थोडी मात्राही वाढत्या मेंदूला सुरक्षित नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये हळदीला पिवळी चकाकी आणण्यासाठी लेड क्रोमेट चोळत असल्याचं उघड झालं. तेव्हा बाजारातली ४७ टक्के हळद भेसळीची होती, आणि कडक कारवाईनंतर २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. आपण तर हळदीच्याच गावात राहतो. हळकुंडं विकत घेऊन, धुऊन-वाळवून समोर दळून घ्या. अनैसर्गिक झळाळी असलेली सुटी पूड लहान मुलाच्या दुधात घालू नका.

१३. एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टर ऑटिझम म्हणतात. असं कसं?

कारण एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते, लहान जोडण्यांचं काम दिसत नाही. ऑटिझम, एडीएचडी, अध्ययन अक्षमता यांचं निदान वागणं पाहून आणि घरच्यांशी बोलून होतं, स्कॅनवर नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या २०१४ च्या एका अभ्यासात ऑटिझम असलेल्या मृत मुलांच्या मेंदूत छाटणी (प्रश्न २) कमी झालेली दिसली होती, पण ती सूक्ष्मदर्शकाखाली आणि मोजक्याच नमुन्यांत. एमआरआय लागतो तो फिट येत असतील, डोक्याचा घेर फार लहान-मोठा असेल, एक बाजू कमी हलत असेल किंवा आलेल्या गोष्टी जात असतील तर. नुसतं ‘बघून घेऊया’ म्हणून लहान मुलाला भूल देऊन स्कॅन करण्याआधी विचारा, त्याने उपचारात काय बदलेल?

१४. जनुकीय चाचणी करावी का? खर्च झेपेल का?

मूल शिकवण्यासाठी ती लागत नाही, थेरपी तिच्यावाचून सुरू करता येते. उपयोग होतो तो कारण शोधायला आणि पुढच्या गरोदरपणासाठी. मायक्रोअॅरे या चाचणीत साधारण १० ते २० टक्के मुलांत कारण सापडतं, म्हणजे बहुतेकांचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि तरी मुलाची अडचण खरीच असते. घरातल्या दोन-तीन मुलग्यांना बौद्धिक अक्षमता असेल तर फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकाराची चाचणी आवर्जून विचारा. तिचं जनुक १९९१ मध्ये सापडलं, ते आईकडून पुढे येतं, पण आईत बहुतेकदा काही दिसत नाही.

१५. मग नेमकं काय केल्याने फरक पडतो?

तुमच्या रोजच्या वागण्याने. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक चाचणी झाली, २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जात. त्या आईचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढत आणि तिच्यासोबत बसून बघत, मूल कुठे वळलं, आई कुठे घाईने बोलून गेली. अशा बारा बैठका. आयांचं मुलाशी सूर जुळवणं वाढलं आणि मुलं स्वतःहून संवाद सुरू करू लागली.

याचं घरगुती रूप सांगते. विट्याकडची एक आई, मुलगा साडेतीन वर्षांचा, शब्द शून्य. तिला वेगळा वेळच नव्हता, म्हणून आम्ही भाकरीची वेळ धरली. तिने त्याला परातीसमोर बसवायचं. पीठ त्याच्या हातावर भुरभुरायचं आणि थांबायचं. मनातल्या मनात पाच अंक मोजायचे, काही बोलायचं नाही. पहिले दोन आठवडे तो परातीकडेच बघायचा. मग एकदा पीठ थांबलं तेव्हा त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिने लगेच ‘अजून!’ म्हणून पीठ टाकलं. दीड महिन्याने ‘अजू’ आलं. तो व्हिडिओ तिने मला रात्री साडेअकराला पाठवला. चुलीचा उजेड, परात, आणि पिठाने माखलेली दोन बोटं तिच्या हनुवटीवर.

थांबणं हेच त्यातलं कौशल्य आहे. आपण सगळे मुलाच्या आधी बोलतो.

१६. औषध नाही का?

ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर नाही. रिस्पेरिडोन आणि अॅरिपिप्राझोल फक्त तीव्र चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी असतात. ऑक्सिटोसिनच्या नाकातल्या फवाऱ्यावर मोठी आशा होती. २०२१ च्या मोठ्या चाचणीत तो नुसत्या पाण्यासारख्या फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. एडीएचडीची गोष्ट वेगळी आहे, तिथे मेथिलफेनिडेट चांगलं काम करतं (प्रश्न १८).

१७. पुण्या-मुंबईत स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं देतात. घर गहाण ठेवून करावं का?

नको. हात जोडून सांगते, नको.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणी केलेल्या संशोधनातच वापरता येतात, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. जिथे तुमच्याकडून लाखो रुपये मागतात ते संशोधन नसतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने १८० मुलांवर नाळेतल्या रक्ताची चाचणी केली. २०२० मध्ये आलेल्या निकालात मुख्य निकषावर फरक पडला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाने दीड एकर विकून तीन इंजेक्शनं घेतली. त्या काळात थेरपी बंद राहिली, कारण पैसे उरले नव्हते. मुलगा आता पुन्हा येतो. ती दोन वर्षं मला भरून देता येत नाहीत.

१८. पोरगा एका जागी बसत नाही. खोडकर आहे की एडीएचडी?

एडीएचडीत चंचलपणा घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतो, सहा महिन्यांहून जास्त टिकतो आणि मुलाचं नुकसान करतो. फक्त गणिताच्या तासाला हलणारं मूल वेगळं. २००७ मध्ये अमेरिकेत एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या प्रत्येकी २२३ मुलांचे स्कॅन तुलनेसाठी घेतले. मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, निम्मा भाग पूर्ण जाडीला पोचण्याचं वय साध्या मुलांत साधारण साडेसात होतं, एडीएचडीत साडेदहा. क्रम तोच, तीन वर्षं उशीर. म्हणून या मुलाला मार देणं म्हणजे कच्च्या फळाला पिकला नाहीस म्हणून झोडपणं आहे.

१९. तिसरीत आहे, हुशार आहे, पण वाचता येत नाही. सगळे आळशी म्हणतात.

आठ वर्षांच्या पुढे हे टिकलं तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. मराठीत या मुलांची गाडी जोडाक्षरं आणि रफारापाशी अडते. एका वहीत ‘कर्म’ आणि ‘क्रम’ एकाच ओळीत तीनदा खोडून लिहिले होते, कागदाला भोक पडलं होतं. आळशी मूल तीनदा खोडत नाही. मनेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठी आणि कन्नडमध्येही आहे. इंग्रजीत चाचणी घेऊन मराठी माध्यमाच्या मुलाचं निदान मान्य करू नका. प्रमाणपत्र मिळाल्यावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

२०. दीड वर्षापर्यंत बोलत होता, आता सगळं बंद. वाट बघू का?

एक दिवसही नको. ऑटिझममध्ये हे होतं, पण इतर कारणंही असतात. मुलगी असेल, हातांचा वापर जाऊन ती सतत हात चोळत असेल आणि डोक्याची वाढ मंदावली असेल तर रेट सिंड्रोम या जनुकीय विकाराचा विचार करावा लागतो. तीन वर्षांनंतर नीट बोलणाऱ्या मुलाची भाषा गेली तर झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) हवा, कारण झोपेतल्या छुप्या फिट भाषा पुसतात आणि त्यावर उपचार असतो. जुने व्हिडिओ मोबाईलमधून उडवू नका. डॉक्टरांना तारखेसह दाखवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

२१. आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. आता उशीर झाला का?

लवकर सुरू केलेलं बरं, हे खरं. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली ती जास्त सावरली, पण नंतर गेलेलीही बऱ्याच बाबतींत पुढे आली. रेटचं जनुक १९९९ मध्ये हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, आणि २००७ मध्ये एड्रियन बर्ड यांनी रेटची लक्षणं असलेल्या मोठ्या उंदरांत ते पुन्हा चालू करून लक्षणं मागे घेऊन दाखवली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण मोठा झालेला मेंदू सुधारूच शकत नाही ही समजूत तिथे मोडली. सात वर्षांच्या मुलासाठी ध्येयं मात्र वेगळी ठेवा. शब्द येत नसतील तर चित्रांची पाटी, स्वतःची अंघोळ, पैसे ओळखणं.

२२. आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गाव सुटतं, उपचार कसे करायचे?

मूल तपासायची सरकारी सोय गावाला बांधलेली नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, अठरा वर्षांपर्यंत तपासणी मोफत असते. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे तेच पाठवतात. तळ जिथे पडेल तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठा. फाईलचे सगळे कागद मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कोपीत पावसाने फायली भिजतात. आणि प्रश्न १५ मधल्या थांबण्याला दवाखाना लागत नाही.

२३. संशोधनासाठी मुलाचं रक्त मागितलं. द्यावं का?

विचारून, समजून घेऊन जरूर द्या. आपल्या भागातली मुलं अभ्यासात आली नाहीत तर उत्तरं कायम दुसऱ्यांच्या मुलांवरून काढली जातील. पण नैतिकता समितीची परवानगी आणि मराठीतलं संमतीपत्र पाहा. औषधाची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक मागा, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे. सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

२४. प्रमाणपत्र काढलं तर मुलावर शिक्का बसेल. काढू का?

काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमता आहेत. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त अक्षमता लागते. अशा मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. दोन ठिकाणी लोक अडतात. एडीएचडी त्या २१ मध्ये नाही. आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची एक लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांनाच मिळते, अध्ययन अक्षमतेला नाही.

२५. मुलगी येत्या श्रावणात अठराची होईल. आम्ही आई-बाबा आहोत, वेगळं काही करावं लागतं का?

हो, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याने ती सज्ञान होते. बँकेत किंवा जमिनीच्या कागदावर तिच्या वतीने सही करायचा तुमचा अधिकार आपोआप राहत नाही. प्रश्न २४ मधल्या राष्ट्रीय न्यास कायद्यात येणाऱ्या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. चौकशी विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करा. जन्मदाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, आधार आणि फोटो आतापासून एका फाईलमध्ये लावून ठेवा. पालक म्हणून आईचं नाव द्यायचं की भावाचं, ते घरात बसून ठरवा. आणि ठरवताना तिलाही तिथे बसवा.